कालव्यावरच्या घराचा फ्रिज

इंग्लंडच्या कालव्यांवर बोटीतच कायमचा संसार मांडलेली हजारो माणसे आहेत. त्यांच्या घराची रुंदी अडीचशे वर्षांपूर्वीच ठरून गेली. जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरच्या देखरेखीखाली १७६६ मध्ये ट्रेंट अँड मर्सी कालव्याचे काम सुरू झाले. बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर चढवणारी-उतरवणारी लॉक त्यावर ठिकठिकाणी सात फूट रुंदीची बांधली गेली. त्यांतून जायचे तर बोट सहा फूट दहा इंचांचीच हवी, आणि मध्य इंग्लंडभर हिंडू पाहणाऱ्या ‘नॅरोबोट’ला आजही त्याहून रुंद होता येत नाही. लांबी साठ-सत्तर फूट मिळते. पण पोलादी पत्रा, त्याला आतून मारलेला फोम आणि लाकडी अस्तर वजा जाता आत सहा फुटांच्या आसपास जागा उरते. त्या बोळातच झोपायचे, न्हायचे, शेगडी पेटवायची आणि ओट्याखाली एक फ्रिज बसवायचा. बोटीवरचे दिवे, पंप, टीव्ही हे सगळे गरजेपुरते लागते आणि बंद होते. फ्रिज मात्र रात्रंदिवस, मालक गावात गेला तरी, चालूच राहतो. म्हणूनच जमिनीवरच्या घरात बिलाच्या कोपऱ्यात हरवून जाणारा हा खर्च बोटीवर सगळ्यात आधी मोजावा लागतो.

जी बोट वर्षभर मरिनाच्या धक्क्याला बांधलेली असते आणि धक्क्यावरच्या खांबातून २३० व्होल्टची वीज घेते, तिचा प्रश्न सोपा आहे. खरी अडचण फिरत्या लोकांची. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार कायमचा धक्का नसलेल्या बोटीला एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही, काही सबळ कारण असेल तरच सवलत. अशा बोटीवर वीज येते ती छपरावरच्या सोलर पॅनेलमधून किंवा डिझेल इंजिनाच्या अल्टरनेटरमधून, आणि साठते ती १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांत. मग सल्ला ठरलेला असतो: बॅटरी १२ व्होल्टची, तर फ्रिजही १२ व्होल्टचाच घ्या, इन्व्हर्टर लावून २३० व्होल्ट करणे आणि त्यावर घरगुती फ्रिज चालवणे म्हणजे वाटेत वीज सांडणे. हा सल्ला ऐकायला इतका सरळ आहे की तो कोणी तपासून पाहत नाही. मला तो बहुतेक फिरत्या बोटींसाठी चुकीचा वाटतो. योग्य घरगुती फ्रिज, त्याच्यापुरता छोटा इन्व्हर्टर आणि त्याला श्वास घेऊ देणारा कोनाडा, असे तिन्ही एकत्र निवडले, तर साधा दुकानातला फ्रिज १२ व्होल्टच्या खास फ्रिजच्या बरोबरीने वीज खातो आणि निम्म्याच्या आसपास किमतीत येतो. यातला एक पाय लंगडा पडला, तर मात्र सल्ला देणारे खरे ठरतात.

आधी फ्रिजचा आकडा पाहू. युरोपात फ्रिजवर वीजवापराचे लेबल १९९५ पासून सक्तीचे आहे. त्याची अक्षरे फुगत फुगत ‘ए’पुढे तीन अधिक चिन्हांपर्यंत गेली, तेव्हा १ मार्च २०२१ पासून ती मोजपट्टी पुन्हा ‘ए’ ते ‘जी’ अशी आखली. ब्रिटननेही तेव्हाच ती स्वीकारली. नव्या पट्टीत एकेक पायरी साधारण वीस टक्क्यांची आहे. पण अक्षर हे फ्रिजच्या आकाराशी जोडलेले असते. मोठ्या फ्रिजला मोठी सूट मिळते, म्हणून ‘ई’ अक्षराचा भला मोठा फ्रिज ‘एफ’ अक्षराच्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. आपल्याकडचे चांदण्यांचे लेबल वाचणाऱ्यांनाही हे ठाऊक असेल: चांदण्या वर ठसठशीत दिसतात, वर्षाची युनिट खाली बारीक अक्षरात छापलेली असतात, आणि बॅटरीला फक्त ती बारीक अक्षरेच कळतात. ओट्याखाली मावणारा, बर्फाचा कप्पा नसलेला ‘एफ’ अक्षराचा साधा फ्रिज वर्षाला सुमारे ९५ युनिट खातो, म्हणजे दिवसाला २६० वॅट-तास. त्याच मापात बर्फाचा कप्पा आला की आकडा दीडपटीकडे सरकतो, कारण एका छोट्या कोपऱ्यात उणे अठरा अंश टिकवण्यासाठी कॉम्प्रेसरला सगळे काम जास्त अवघड परिस्थितीत करावे लागते. आपोआप बर्फ वितळवणारे फ्रॉस्ट-फ्री फ्रिज तर त्यासाठी मधूनमधून आत हीटर पेटवतात. बोटीवर त्यांचा विचारच नको.

हा आकडा कसा काढला जातो हेही महत्त्वाचे. प्रमाणित चाचणीत फ्रिज एकदा सोळा अंशांच्या खोलीत आणि एकदा बत्तीस अंशांच्या खोलीत चालवतात आणि दोन्हींची सरासरी घेतात. म्हणजे तो साधारण चोवीस अंशांच्या स्वयंपाकघराचा आकडा झाला. जुलैच्या उन्हात पोलादी छपराखाली तो कमी पडेल, एप्रिलमध्ये जास्त वाटेल. पण तो एका नियमाने, सगळ्यांना सारखा मोजलेला आहे. १२ व्होल्टच्या फिरत्या फ्रिजला मात्र हे लेबल लागू नाही. त्यांची माहितीपत्रके ‘चालताना चार अँपिअर’ असे सांगतात आणि दिवसातून किती तास चालतो हे ग्राहकाच्या अंदाजावर सोडतात. ज्या यंत्राचे सगळे समर्थनच वीज वाचवण्यावर उभे आहे, त्याच्यापाशी मोजलेला वार्षिक आकडा नसावा, हे मला या सगळ्या वादातले सगळ्यात खटकणारे वाटते.

आता इन्व्हर्टर. महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्याची आठवण सगळ्यांना असते, पण नुसता चालू राहण्यासाठी तो स्वतः किती वीज खातो हे फारसे कोणी विचारत नाही. नॅरोबोटीवर बहुधा तीन हजार व्हीएचा, चार्जरही पोटात असलेला मोठा इन्व्हर्टर असतो. वॉशिंग मशीन आणि किटलीसाठी तो घेतलेला असतो. त्याच्या माहितीपत्रकात एक ओळ सापडते, ‘शून्य भारावरचा वापर’, आणि तिथे वीस वॅटच्या आसपासचा आकडा असतो. वीस वॅट ऐकायला काहीच नाही. पण चोवीस तासांचे ४८० वॅट-तास होतात, वर्षाची १७५ युनिट. फ्रिज ९५ युनिट खाणार आणि त्याला वीज द्यायला जागा राहिलेला इन्व्हर्टर १७५! शिवाय फ्रिजचा सत्तर वॅटचा कॉम्प्रेसर चाचणीच्या हिशेबाने दिवसभरात जेमतेम चार तास चालतो. उरलेले वीस तास हा मोठा इन्व्हर्टर निव्वळ वाट पाहत वीज जाळतो. घरगुती फ्रिजची बोटीवर जी बदनामी झाली ती इथे. लोकांनी संध्याकाळी बॅटरी भरलेली पाहिली, सकाळी उतरलेली पाहिली आणि दोष फ्रिजला दिला.

त्याच कामाला पाचशे ते आठशे व्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा छोटा इन्व्हर्टर लावला, तर शून्य भारावर तो सहा-सात वॅटच घेतो. हिशेब करून पाहू. फ्रिजचे २६० वॅट-तास, इन्व्हर्टरची कार्यक्षमता नव्वद टक्के धरून बॅटरीतून निघणारे २९०, अधिक सहा वॅटने दिवसाचे १४४. मिळून सुमारे ४३५ वॅट-तास. १२ व्होल्टवर हे छत्तीस अँपिअर-तास झाले. यात थोडी वीज दोनदा मोजली आहे, म्हणजे हिशेब फ्रिजच्या विरोधातच झुकलेला आहे. मोठ्या इन्व्हर्टरवर हाच फ्रिज ७७० वॅट-तास, म्हणजे चौसष्ट अँपिअर-तास घेतो. आणि १२ व्होल्टचा फ्रिज? त्याचा कॉम्प्रेसर अठ्ठेचाळीस वॅटच्या आसपास घेतो आणि चाळीस टक्के वेळ चालतो असे धरले, तर दिवसाचे ४६० वॅट-तास, अडतीस अँपिअर-तास. म्हणजे रूपांतराची सगळी घट सोसूनही घरगुती फ्रिज त्याच्या बरोबरीला येतो, आणि ‘ई’ अक्षराचा घेतला तर एकतीसवर, म्हणजे पुढेच जातो. हे आश्चर्य वाटायला नको. घरगुती फ्रिज लाखोंनी विकले जातात आणि तीस वर्षे कायदा त्यांच्या मागे लागलेला आहे. जास्त वीज खाणारी मॉडेले एकामागून एक बाजारातून हद्दपार झाली. १२ व्होल्टच्या छोट्या बाजारावर तसा दाब कधी आलाच नाही.

मोठ्या आणि छोट्या इन्व्हर्टरमधला अठ्ठावीस अँपिअर-तासांचा फरक किरकोळ वाटत असेल, तर बॅटरीकडे पाहावे. ११० अँपिअर-तासांच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या ही नॅरोबोटीवरची नेहमीची मांडणी. पण त्यांचे आयुष्य राखायचे तर निम्म्याखाली जाऊ नये, म्हणजे हाताशी २२० अँपिअर-तास. त्यातले चौसष्ट फ्रिजला गेले तर जवळपास तीस टक्के, छत्तीस गेले तर सोळा. ऊन नसलेल्या दिवशी हा फरक भरून काढायला इंजिन अर्धा ते एक तास जास्त चालवावे लागते, त्यात तासाला लिटर-दीड लिटर डिझेल जाते, आणि कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या नियमाप्रमाणे रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात विजेसाठी इंजिन चालवायचे नाही. शेजाऱ्याच्या उशाशी इंजिन धडधडण्याचा प्रश्न असतो तो.

किमतीचेही बोलू. ओट्याखालचा साधा फ्रिज दीडशे ते अडीचशे पौंडांत मिळतो, १२ व्होल्टचा पाचशेच्या पुढे सुरू होतो. छोट्या चांगल्या इन्व्हर्टरची किंमत घरगुती फ्रिजमध्ये मिळवली तरी सोलर पॅनेलला हातभार लागेल एवढे पैसे उरतात. वीज वाचवणे आणि वीज मिळवणे यांची तुलना इथे पौंडात करता येते, आणि मला वाटते ती करायलाच हवी.

किमतीपेक्षा मला जास्त पटणारा मुद्दा तारेचा आहे, कारण तो कोणी सांगत नाही. नॅरोबोटीत बॅटऱ्या मागे, इंजिनाजवळ असतात. गॅली, म्हणजे स्वयंपाकाची जागा, बहुतेक वेळा पुढच्या निम्म्या भागात. तारेची वाट पंधरा मीटरची, जाऊन-येऊन तीस मीटर. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सात मिलिओहमच्या वर, म्हणजे सगळ्या वाटेचा एक पंचमांश ओहमहून जास्त. पाच अँपिअर वाहिले की एक व्होल्टहून जास्त तारेतच गळाला. रात्री बॅटरी १२.२ वर असेल तर फ्रिजला मिळतात ११.१, कॉम्प्रेसर सुरू होताना त्याहून कमी. मग आतले इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बॅटरी वाचवण्यासाठी कॉम्प्रेसर थांबवते, व्होल्टेज पुन्हा वर येते, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. बॅटरीत जीव असतो आणि दूध नासते. उपाय आहे, दहा चौरस मिलिमीटरची जाड तार; तिच्यावर घट पाव व्होल्टवर येते. पण बांधून झालेल्या बोटीत अस्तर उचकटून जाड तार ओढायची तर फ्रिजपेक्षा मजुरी जास्त. इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारी, हातभर जाड तारेवर बसतो. तिथून पुढे २३० व्होल्टवर फ्रिजला अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो आणि साध्या तारेत काही गळत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की छोटा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर सुरू होतानाचा धक्का सोसणार नाही. ठरावीक वेगाचा जुन्या धाटणीचा कॉम्प्रेसर क्षणभर नेहमीच्या आठ-दहा पट वीज ओढतो हे खरे. पण पाचशे व्हीएचे चांगले इन्व्हर्टर क्षणभर त्याच्या जवळपास दुप्पट देतात आणि आठशेचा घेतला तर काळजीच नको. शिवाय हल्ली घरगुती फ्रिजमध्येही बदलत्या वेगाचे कॉम्प्रेसर आले आहेत. ते हळूहळू वेग घेतात, धक्का देतच नाहीत. स्वस्तातला, चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर मात्र टाळावा. त्यावर मोटर गुणगुणते, तापते आणि वीज वाया जाते. दुसरा आक्षेप: मोठ्या इन्व्हर्टरला झोपवून ठेवायची सोय असते, मग दुसरा कशाला? या सोयीत इन्व्हर्टर ठरावीक अंतराने क्षणभर वीज सोडून पाहतो आणि कोणी ओढत असेल तरच जागा होतो. फिरवायचे बटण असलेल्या जुन्या थर्मोस्टॅटच्या फ्रिजला हे जमते, कारण थंडावा कमी झाला की त्याचा खटका बसतो आणि वाट जोडली जाते. पण डिजिटल आकडे दाखवणाऱ्या फ्रिजचे नियंत्रण इतकी कमी वीज मागते की इन्व्हर्टरला ती जाणवत नाही. तो पुन्हा झोपतो आणि फ्रिज अर्धवट जागा होऊन पुन्हा मरतो. बटणाचा फ्रिज मिळत असेल आणि मोठा इन्व्हर्टर आधीच असेल, तर हा मार्ग जरूर करून पाहावा. मात्र दोन इन्व्हर्टर ठेवले तर त्यांच्या बाहेरच्या तारा कधीही एकत्र येता कामा नयेत. छोट्याचा फ्रिजपुरता स्वतंत्र प्लग, त्याला स्वतःचा फ्यूज, अर्थिंग आणि आरसीडी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच. चहूबाजूंनी पाणी आणि पोलाद असलेल्या घरात २३० व्होल्टची गफलत जिवावर बेतते. हे काम बोटींच्या वायरिंगची माहिती असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आणि त्याला उत्तर फ्रिजच्या दुकानात सापडत नाही. लोक म्हणतात, चाचणीतला आकडा चाचणीतच राहतो, बोटीवर तो येत नाही. बरोबर आहे, आणि त्याचे कारण बहुधा कोनाडा असतो. फ्रिजचे काम आतली उष्णता बाहेर टाकणे. बाहेर वीस अंश असताना आत पाच राखायचे तर पंधरा अंशांचा फरक. कोंदटलेल्या कोनाड्यात तीस झाले की फरक पंचवीसचा. भिंतींतून शिरणारी उष्णता दोन-तृतीयांशाने वाढते, आणि त्यातच ती बाहेर ढकलणेही कॉम्प्रेसरला जड जाते. पूर्वी फ्रिजच्या पाठीवर काळी जाळी दिसायची, तिथून उष्णता जात असे. आता बऱ्याच फ्रिजांत त्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड दडवलेल्या असतात. फ्रिज चालू असताना बाजूवर तळहात ठेवला की ऊब लागते. ज्याच्या बाजू उबदार लागतात त्याला दोन्हीकडे दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडलीच पाहिजे, आणि अशा फ्रिजच्या बाजूंना थर्माकोल चिकटवण्याचा जुना सल्ला सरळ घातक आहे. गारवा राखण्याऐवजी तो उष्णता कोंडतो. तिथे स्क्रू मारणे तर त्याहून वाईट. त्या नळ्यांत आयसोब्युटेन नावाचा ज्वालाग्राही वायू असतो; मोजके ग्रॅमच, पण तो हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साठतो.

इथे मात्र बोटीकडे अशी एक गोष्ट आहे जी कुठल्याही फ्लॅटमध्ये नाही. तिच्या तळाशी, फळ्यांच्या खाली, कालव्याच्या पाण्याला टेकलेली पोलादी पोकळी असते आणि तिथल्या पत्र्याला सहसा फोम मारलेला नसतो. भर उन्हाळ्यात केबिन तापलेली असतानाही तिथली हवा पाण्याइतकी गार राहते. फ्रिजच्या मागे फळीत एक जाळीदार झरोका कापला आणि वर ओट्याच्या मागच्या कडेला दुसरा, तर गरम हवा वर निघून जाते आणि खालून गार हवा आपोआप ओढली जाते. त्याला पंखा लागत नाही, वीज लागत नाही. चाचणीच्या खोलीत असे गार तळघर नसते, म्हणून नीट बसवलेला फ्रिज बोटीवर लेबलच्या आकड्याच्याही खाली उतरू शकतो. लाकडी दाराआड बसवायचा इंटिग्रेटेड फ्रिज दिसायला नेटका असतो, पण तो ही वाट बुजवतो. दिसण्यापायी घेतलेल्या या निर्णयाची किंमत दहा वर्षे रोज द्यावी लागते.

काही जण म्हणतील, इतका हिशेब कशाला, रात्री इन्व्हर्टर बंद करा, सकाळपर्यंत फ्रिज गार राहतोच. किती राहतो ते पाहू. दार बंद असताना ओट्याखालच्या फ्रिजमध्ये ताशी दहा वॅट-तासांच्या आसपास उष्णता शिरते असे धरू. आठ तासांत ऐंशी. आत वीस किलो पाण्याइतके जिन्नस असतील तर एक अंश चढायला तेवीस वॅट-तास लागतात; म्हणजे सकाळी तापमान साडेतीन अंश वर. संध्याकाळी तीन अंश असेल तर सकाळी साडेसहा. ब्रिटनची अन्नमानक संस्था पाच अंश किंवा खाली ठेवा म्हणते. चीज-लोण्याचे काही बिघडत नाही, पण कच्च्या मटणाचा आणि माशाचा भरवसा मी धरणार नाही. बर्फाची गोष्ट वेगळी. एक किलो बर्फ वितळताना ९३ वॅट-तास उष्णता गिळतो, म्हणजे किलोभर बर्फात ती रात्र निघते. साठवलेल्या गारव्यावर जगण्याची रीत या कालव्यांना नवीन नाही. लंडनमध्ये किंग्ज क्रॉसजवळ आज जिथे कालव्याचे संग्रहालय आहे, ते एकोणिसाव्या शतकात कार्लो गाट्टी या व्यापाऱ्याचे बर्फाचे कोठार होते. नॉर्वेतला नैसर्गिक बर्फ जहाजाने लाइमहाउसला यायचा, रीजंट्स कालव्यातून बोटीने इथवर, आणि जमिनीत खणलेल्या दहा मीटर व्यासाच्या विहिरींत महिनोन्महिने टिकायचा. आपल्या मिरकरवाड्याच्या किंवा ससून डॉकच्या ट्रॉलरवर मासळी आजही बर्फाच्या चुऱ्यावरच घरी येते. पण त्या विहिरीला बर्फ निसर्ग पुरवत होता आणि ट्रॉलरला कारखाना पुरवतो. बोटीवर तो फ्रिजनेच करायचा तर दीडपट वीज खाणारा कप्पा घ्यावा लागेल. रात्र वाचवायची म्हणून दिवस महाग करण्यापेक्षा सहा वॅटचा इन्व्हर्टर रात्रभर जागा ठेवणे स्वस्त पडते.

हिवाळ्यात सगळीच गणिते तुटतात, आणि १२ व्होल्टच्या फ्रिजचीही तुटतात हे विसरू नये. छपरावर आडवे ठेवलेले चारशे वॅटचे पॅनेल लंडनच्या आसपास जूनमध्ये दिवसाला सुमारे एक हजार आठशे वॅट-तास देते, डिसेंबरात दोनशेच्या आसपास. जूनमध्ये फ्रिज त्याचा चौथा हिस्सा घेतो; डिसेंबरात सगळे दिले तरी निम्मेच भागते. शेगडी पेटलेली असल्यामुळे केबिन वीस अंशांवर असते, म्हणून फ्रिजचीही सुटका नाही. पण जानेवारीत तिथले सरासरी कमाल तापमान सात-आठ अंश असते आणि पुढच्या डेकवरच्या पेटीत भाज्या, लोणी, दूध चांगले राहते. अनेक बोटवाले तीन महिने फ्रिज बंद ठेवतात, आणि बर्फाचा कप्पा नसलेल्या फ्रिजला याने काही होत नाही. बर्फाच्या कप्प्याचा फ्रिज थंड बोटीत वेगळाच त्रास देतो: एकच थर्मोस्टॅट असेल तर दहा अंशांखालच्या खोलीत त्याला वाटते की काम झाले, कॉम्प्रेसर चालत नाही आणि कप्प्यातला माल वितळतो. फ्रिजच्या माहितीपत्रकात हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘एसएन’ म्हणजे दहा ते बत्तीस अंश, ‘एन’ म्हणजे सोळा ते बत्तीस. बोटीसाठी ‘एसएन’ पाहून घ्यावा.

गॅसवर चालणाऱ्या जुन्या फ्रिजबद्दल थोडक्यात. स्टॉकहोममध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधलेले, इलेक्ट्रोलक्सने पुढे जगभर नेलेले हे यंत्र सुंदर आहे. त्यात फिरणारा एकही भाग नाही. पण चोवीस तास उघडी ज्योत, बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडची भीती आणि सिलिंडरचा खर्च, यांमुळे आता राहत्या बोटीत ते नव्याने बसवावे असे मला वाटत नाही.

हे सगळे कालव्यापुरतेच खरे आहे. इथे पाणी सपाट, वेग ताशी चार मैल, बोट कलत नाही. समुद्रावरच्या शिडाच्या नौकेत घरगुती फ्रिजचे चुंबकी दार पहिल्याच कलण्यात उघडेल, खारी हवा पत्रा खाईल, आणि तिथे वरून उघडणारा, जाड भिंतींचा, १२ किंवा २४ व्होल्टचा फ्रिजच योग्य. कालव्यावरही जी बोट शनिवार-रविवारपुरती निघते आणि जिच्यावर इन्व्हर्टरच नाही, तिने छोट्या १२ व्होल्टच्या फ्रिजवर समाधान मानावे. आणि लिथियमच्या बॅटऱ्या घेतल्यावर हा हिशेब लागणार नाही, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे की त्या वीज साठवतात चांगली आणि भरतात लवकर, पण डिसेंबरातले दोनशे वॅट-तास त्यांनी चारशे होत नाहीत.

माझी तक्रार फ्रिज बनवणाऱ्यांपेक्षा बोटी बांधणाऱ्यांकडे जास्त आहे. फ्रिजवर कायद्याने आकडा छापलेला असतो. इन्व्हर्टरच्या खोक्यावर असे कुठलेही अक्षर नसते आणि शून्य भारावरचा वापर माहितीपत्रकाच्या तक्त्यात शोधावा लागतो. नवी बोट देताना मालकासाठी पुस्तिका द्यावी लागते, त्यात इंधनाची टाकी, पाण्याची टाकी, वजन सगळे असते. तिच्यात दोन ओळी वाढवायला काय हरकत आहे? बहुतेक बोटींवर बॅटरीच्या ऋण तारेत शंट लावलेला, येणारा-जाणारा प्रवाह मोजणारा मीटर असतोच. बाकी सगळे बंद ठेवून चोवीस तास नुसता इन्व्हर्टर चालू ठेवला, की मीटरवर इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च दिसतो. दुसरे चोवीस तास फ्रिज लावून, भरून, नेहमीसारखा उघडून-मिटून चालवला, की दुसरा आकडा मिळतो आणि दोहोंतला फरक फ्रिजचा. दोन दिवसांच्या मोजणीत हे दोन आकडे पुस्तिकेत येतील; घेणाऱ्यानेही पैसे मोजण्याआधी ते मागावेत, आणि देणारा सांगू शकला नाही तर तीच मोजणी बोट ताब्यात घेण्याआधी धक्क्यावर, बाहेरच्या विजेची वायर काढून, करून घ्यावी.